ऑस्करला शाकाहारी सोबत

आमच्या गल्लीत कुणी माशांची टाकी आणली की मला फोन येतो. "ताई, ऑस्करबरोबर काय काय ठेवू?" मी विचारते, टाकी केवढी आहे? तर फोनवरच हात पसरून दाखवल्यासारखं सांगतात, "ही एवढी आहे की." त्या एवढ्याशा टाकीत त्यांनी आधीच ऑस्कर, शोभेला गोल्डफिश, वर एक फ्लॉवरहॉर्न आणि तळ चाटायला एक सकर असा सगळा संसार थाटलेला असतो. दुकानदाराने 'राहतात सगळे एकत्र' म्हणून पाठवणी केलेली असते. मग एके सकाळी गोल्डफिश दिसेनासे होतात आणि घरचे लोक सोफ्याखाली बॅटरी मारून शोधत बसतात.

मी आडपडदा न ठेवता सांगते. ऑस्कर मांसाहारी मासा आहे. त्याच्या तोंडात मावेल असं काहीही त्याच्याजवळ ठेवायचं नाही. सोबती त्याच्याच मापाचा हवा, अंगाने रुंद हवा, चपळ हवा आणि भांडकुदळ नको. नवा मासा सोडायच्या आधी जुन्याचं पोट भरलेलं असावं. टाकीतले दगड उचलून दुसरीकडे मांडायचे, म्हणजे जुन्याला 'हा माझा कोपरा' म्हणायला जागा उरत नाही. दिवा बंद करायचा आणि बघत राहायचं. कुणाचे पर फाटलेले दिसले तर त्याला लगेच बाहेर काढायचं. हे सगळं ऐकून घेतल्यावर माणसं विचारतात, "पण गोल्डफिश चालेल ना?" मी फोन ठेवून देते. उद्धट बाई म्हणून माझी ख्याती आहे आणि ती मला मान्य आहे.

गंमत अशी की हे सगळं ज्ञान मला ज्या घरात मिळालं, तिथे श्रावण लागला की कांद्याची टोपलीसुद्धा गच्चीवर जाते.

माझं सासर सोलापुरातलं, लिंगायत. बाजारात भुसार मालाचं दुकान आहे. दुकानात मराठी चालते, घरात कानडी. मला कळू नये असं काही असलं की माझा नवरा आणि त्याची आई कानडीत बोलतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच मला सगळं कळायला लागलं, पण ते मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. सासरे गेल्यापासून घर सासूबाईंच्या हातात आहे. त्यांना सगळे अव्वा म्हणतात, मीही म्हणते.

मी माळशिरस तालुक्यातली, नातेपुत्याच्या पलीकडच्या एका कोरड्या गावची, मेंढरं राखणाऱ्याच्या घरातली. कॉलेजसाठी सोलापूरला आले आणि इथल्याच मुलाशी लग्न करून बसले. आमच्याकडे जत्रा म्हणजे बोकड, पाहुणा म्हणजे कोंबडं, आणि बाजारच्या दिवशी तव्यावर कांदा-मिरची घालून परतलेली सुकट. लग्नाआधी अव्वांनी मला समोर बसवून एकच विचारलं होतं, "सोडशील ना?" मी हो म्हणाले. एवढंच मागतायत, असं तेव्हा वाटलं होतं. विशीतल्या मुलीला आपण काय देऊन बसतोय याचा हिशेब येत नाही, आणि ज्यांना येतो ते तिला सांगत नाहीत.

ऑस्कर नवऱ्याने आणला. त्याला अशा गोष्टी आणायची हौस आहे आणि त्या धुण्यापुसण्याची हौस मला असावी असं त्याने परस्पर ठरवलेलं असतं. तेव्हा तो मासा शेंगदाण्याहून थोडा मोठा होता, काळा, अंगावर नारिंगी शिंतोडे. काय खातो, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "गोळ्या खातो. एकदम गरीब मासा आहे." गोळ्या कशाच्या असतात हे आमच्याकडे कुणी विचारलं नाही. अव्वांनी टाकीला हळदकुंकू लावलं. पुढे दुकान जरा बरं चालायला लागलं आणि त्याचं श्रेय माशाला गेलं. दिवसभर पोती मोजणाऱ्या नवऱ्याला ते मिळालं नाही, पण त्यालाही ते पटलेलं दिसलं.

पहिला घोटाळा गड्ड्याच्या जत्रेनंतर झाला. जत्रेतून नवऱ्याने गोल्डफिश आणले आणि 'एकटा कंटाळतो' म्हणून ऑस्करच्या टाकीत सोडले. ऑस्कर तोवर तळहाताएवढा झाला होता. अव्वा सकाळी पूजा आटोपून, कपाळाला भस्म लावून टाकीपाशी आल्या, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत त्याने शेवटचा गोल्डफिश गिळला. शेपटी थोडा वेळ बाहेर हलत होती. "यप्पा, हा खातो," एवढंच त्या म्हणाल्या.

मग घरात बैठक बसली. माशाला हाकलावं तर दुकानाची बरकत जायची, ठेवावं तर घरात हत्या. अव्वांनी तोड काढली ती अशी की, सोलापुरातच काय, अख्ख्या मुलखात कुठल्या मासे पाळणाऱ्याने काढली नसेल. त्या म्हणाल्या, "ह्याला संगत चांगली द्या. शाकाहारी मासे आणा. आणि ह्याचं खाणंही बदला." आमच्या वरच्या खोलीला भाडेकरू बघताना जो प्रश्न विचारतात, तोच प्रश्न माझा नवरा माशांच्या दुकानात जाऊन विचारायला लागला: शाकाहारी आहे का? मासा केवढा आहे, ऑस्करच्या तोंडापुढे टिकेल का, हे त्याने विचारलंच नाही. दुकानदाराला काय, त्याने होय म्हणून पिशवी बांधून दिली.

आधी सिल्व्हर डॉलर आले. चांदीच्या नाण्यासारखे चपटे, पाला खाणारे, स्वभावाने भित्रे. जात बरोबर होती, माप चुकलं होतं. रुपयाएवढी पिल्लं आणली होती, ती दिवसभर टाकीच्या कोपऱ्यात थरथरत होती आणि संपलीसुद्धा तशीच, एकेक करून. मग सकर आला. त्याचं अव्वांना फार कौतुक, कारण तो काचेवरचं शेवाळ तेवढं खातो. "बघ, किती सोवळा," त्या म्हणायच्या. या सोवळ्या माशाच्या परांना काटे असतात आणि घाबरला की तो ते ताठ करतो. ऑस्करने त्याला अर्धा गिळला आणि ते काटे जबड्यात रुतले. सकर आत जाईना, बाहेर येईना. नवरा हातात टॉवेल घेऊन घामाघूम उभा, अव्वा देवघरात, आणि शेवटी पक्कडीने एकेक काटा कापून मीच तो सोडवला. सकर मेला. ऑस्कर जबडा वाकडा होऊन जगला.

त्यात त्याचं खाणं बदललेलं. भिजवलेले हरभरे, मटार, पोळीचे तुकडे. शाकाहारी कुटुंबात राहायचं तर शाकाहारी व्हायचं, असा सरळ न्याय. त्याने काही दिवस ते तोंडात घेऊन थुंकलं, मग भुकेने खाल्लं. हळूहळू त्याचा रंग उतरला आणि डोक्यावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडायला लागले. नवऱ्याने मोबाइलवर वाचलं की मांसाशिवाय याचं असंच होतं, कोळंबी नाहीतर सुकट द्या. मला ते वाचायची गरज नव्हती. पण मी काही बोलले नाही, कारण आमच्या घरात सुकट हा शब्द माझ्या तोंडून येणं बरं दिसलं नसतं.

पुन्हा बैठक बसली आणि अव्वांनी परवानगी दिली. खरं सांगते, मला धक्का बसला. त्या म्हणाल्या, "जनावर आहे ते. देवानं त्याला तसंच केलंय. उपाशी मारलं तर पाप आपल्याला." अटी बऱ्याच होत्या. डबा स्वयंपाकघरात येणार नाही. चमचा वेगळा, वाटी वेगळी. डब्याला फक्त नवरा हात लावेल आणि नंतर कोपरापर्यंत हात धुवेल. सुकट आणायला तो मंगळवार बाजारात जायचा तो हेल्मेट घालून, आणि विकत घेतानाही काढायचा नाही. भुसारवाल्याचा मुलगा सुकट घेतोय हे कुणी पाहिलं तर काय घ्या. एरवी स्टेशनपर्यंत जाताना हेल्मेट खुंटीलाच असतं.

मासा सुधारला. श्रावणातही त्याला सुकट मिळायची, कारण जनावराला श्रावण नसतो, असं अव्वाच म्हणाल्या होत्या. मग नवऱ्याने सोबत्यांचं काम नीट मनावर घेतलं, आणि हे मी मान्य करते की त्याच्यात तेवढी चिकाटी आहे. मोठी टाकी केली. सिल्व्हर डॉलर आणले ते तळहाताएवढे, आणि एकटादुकटा नाही तर थवा, म्हणजे ऑस्करचा राग एकावरच निघत नाही. सकर आणला तो वीतभर. दगड हलवले, आधी पोटभर खायला घातलं, दिवा बंद केला आणि आठवडाभर जेवणाचं ताट घेऊन टाकीसमोर बसला. डॉलर कुठल्या बाजूला झोपतात, ऑस्कर त्यांना कुठे अडवतो, कुणाचा पर फाटलाय, सगळं त्याला ठाऊक. नळाला पाणी आलं की पहिल्या बादल्या टाकीला. एखाद्या जिवाला आपल्या घरात जागा करून द्यायची तर काय काय करावं लागतं, हे माझ्या नवऱ्याला चांगलं कळतं.

अशात माझे वडील पडले. आई आधीच गेली होती. मला भाऊ नाही, बहीण नाही. मेंढरं विकून टाकल्यावर आबा दोन शेळ्या घेऊन गावातल्या घरात एकटेच राहायचे. गोठ्याच्या दगडावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला आणून ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता यांना एकटं ठेवू नका, पुन्हा पडले तर उठणार नाहीत. मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्येच ठरवलं. आमची वरची खोली रिकामी होती. भाडेकरूची बदली झाली होती. खोलीला वेगळा जिना, वेगळी मोरी. माझ्या बापासाठी ती खोली मिळवायची, याशिवाय त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

अव्वा तूरडाळ निवडत बसल्या होत्या. मी म्हणाले, "वरच्या खोलीत आबांना ठेवावं म्हणते."

त्या डाळीतले खडे बाजूला करत राहिल्या. मग म्हणाल्या, "बँकेतले एक जण विचारून गेलेत. शाकाहारी आहेत."

"आबांना दुसरं कुणी नाही, अव्वा."

"मी कुठं नाही म्हणते? वडीलधारे आहेत, येऊ देत. पण आपल्या घरातलं त्यांना ठाऊक आहे ना?"

मी जाऊन आबांना सांगितलं. ते कॉटवर पडल्या पडल्या हसले. "त्यात काय, पोरी? जलमभर मेंढरं राखली, ती काय मटान खात्यात व्हय? आता म्या बी पाला खाईन."

आले. वॉकर धरून चार पावलं चालायचे. जिना उतरणं एकट्याने जमत नव्हतं. रोज संध्याकाळी दुकानातून आल्यावर नवरा वर जायचा, त्यांच्या काखेत हात घालून एकेक पायरी उतरवायचा आणि टाकीसमोरच्या खुर्चीत बसवायचा. दोघांचं चांगलं जमलं. मला त्याचा फार आनंद व्हायचा, तो मी लपवत नव्हते. आबांना ऑस्कर आवडला. "ह्यो म्हंजी आमचा टकरीचा एडका," म्हणायचे. सकरचं मात्र त्यांना काही कळायचं नाही. तो काचेला तोंड लावून तासन्‌तास हलायचा नाही, तर आबा रोज सांगायचे, "जावयबापू, त्यो मेलाय. काढा भाईर, वास मारंल." नवरा रोज काचेवर टिचकी मारून तो जिवंत असल्याचं दाखवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जेवणाची त्यांनी कधी तक्रार केली नाही. आमटी, कडक भाकरी, शेंगाचटणी, सगळ्याला "लई झ्याक." अव्वा खूश. "तुझे वडील तुझ्यापेक्षा गुणी आहेत," मला म्हणाल्या. फक्त एक व्हायचं. नवरा माशाचा डबा उघडून सुकट पाण्यात भिजत घालायचा, तेव्हा आबांचं बोलणं मध्येच थांबायचं. वाटीकडे बघायचे नाहीत. भिंतीकडे, घड्याळाकडे, माझ्या हातातल्या भाजीकडे बघायचे. माशाने शेवटचा घास गिळला आणि नवरा हात धुवायला गेला की पुन्हा बोलायला लागायचे.

मला कळत होतं. मी काही केलं नाही असं नाही. एकदा नवऱ्याला म्हणाले, आबांना एखाद्या दिवशी बाहेर कुठे खायला घालू या. तो म्हणाला, जिना, रिक्षा, वॉकर, कसं जमायचं? पाय जरा सुधारू दे.

श्रावणातला सोमवार होता. आबांना वर खोलीत ठेवून आम्ही सगळे सिद्धेश्वराला गेलो. देवळात गर्दी होती. रांगेत अव्वांचे गुडघे दुखायला लागले म्हणून बाहेरूनच हात जोडून त्या रिक्षाने पुढे घरी निघाल्या. आम्ही दर्शन घेऊन, प्रसाद घेऊन मागून आलो. गेट उघडलं आणि मला वास आला. कांदा, मिरची, आणि तव्यावर कुरकुरीत परतलेली सुकट. क्षणभर मला काही वाईट झालंय असं वाटलंच नाही. तोंडाला पाणी सुटलं. मग मी जिन्याकडे धावले.

खोलीचं दार उघडं होतं. अव्वा उंबऱ्याबाहेर पदर नाकाला लावून उभ्या होत्या. चहा करायला म्हणून दिलेल्या शेगडीवर तवा होता. आबा कॉटवर बसले होते, मांडीवर ताटली, तीत अर्धी खाल्लेली भाकरी. त्यांच्या मिशीला तेल लागलं होतं. ऐंशीच्या घरातला माणूस, पण चेहरा असा झाला होता की मला बघवेना.

"श्रावणात," अव्वा म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "सोमवारी. देवाला जाऊन आलेल्या घरात."

"चुकलं, विहीनबाई," आबा म्हणाले.

मी म्हणाले, "अव्वा, हीच सुकट खाली माशाला घालतो आपण. आज सकाळीसुद्धा घातली."

"तो मासा आहे. त्याला कळत नाही. माणसाला कळायला नको?"

मी वळून नवऱ्याकडे बघितलं. तो जिन्यात मध्येच थांबला होता, एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. मला वाटलं, आता बोलेल. एवढं तरी म्हणेल की अव्वा, जाऊ दे, म्हातारं माणूस आहे. आबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. जावयासमोर शरमले असतील असं मला वाटलं. नवरा खाली बघायला लागला आणि तसाच खाली गेला.

संध्याकाळपर्यंत सगळं ठरलं. कुणी भांडलं नाही, आमच्याकडे भांडत नाहीत. गावाकडे सोय करू, शेजारची बाई दोन वेळचं करून घालेल, पैशाची काळजी नको. कानडीत अव्वा मुलाला म्हणाल्या, "बेडा. आज हे, उद्या आणखी काय. बेडा." नको म्हणजे नको. तो "हूं" म्हणाला. खोली गोमूत्र शिंपडून धुतली, तवा टाकून दिला. मी रडले, बोलले, निघून जाईन म्हणाले. निघून कुठे जाणार होते? माझी नोकरी नाही, आणि गावाला गेले असते तर आबांनीच मला परत आणून सोडलं असतं. मी त्यांच्यावरही चिडले. "आबा, माझ्याकडे मागायचं होतं. तुम्ही त्या माशाच्या डब्यात हात घातलात?" ते एवढंच म्हणाले, "तुजं घर हाय, पोरी. तू नीट ऱ्हा." दुसऱ्या दिवशी गाडी ठरवून त्यांना पोचवलं. अव्वांनी बरोबर बेसनाचे लाडू बांधून दिले.

त्या सोमवारी संध्याकाळी नवऱ्याने टाकीपाशी डबा उघडला, सुकट भिजवली, माशाला घातली आणि कोपरापर्यंत हात धुतले. मी बघत होते. त्याला घास कसा उतरला जेवताना, ते मला माहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आबा पुन्हा पडले. अंगणात, पहाटे. शेजारची बाई चहा घेऊन आली तेव्हा तिला दिसले. मी पोचले तेव्हा त्यांना खाली घेतलेलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी, पाणी आलं होतं तो रविवार असेल, नवरा टाकीसमोर बसला होता. एक सिल्व्हर डॉलर म्हातारा होऊन मेला होता आणि त्याच्या जागी नवा आणला होता. पिशवी पाण्यात तरंगत ठेवली होती, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं व्हायला वेळ लागतो. मी फिल्टरचा स्पंज पिळत होते. तो पिशवीकडे बघतच म्हणाला, "सुकट मी दिली होती."

मला आधी कळलंच नाही की तो कशाबद्दल बोलतोय.

"आबांनी मागितली नव्हती. मलाच त्यांच्याकडे बघवत नव्हतं. म्हटलं, आपण सगळे देवळात जातोय, दुपारपर्यंत घरी कुणी नाही. पुडीत बांधून वर दिली. कांदा पण गच्चीवरून मीच दिला. ते नको म्हणत होते. मीच म्हटलं, खा."

"आणि जिन्यात उभे राहिलात."

"त्यांनी मान हलवली गं. बोलू नका म्हणून."

"आणि तुम्ही ऐकलंत."

तो रडायला लागला. पुरुष रडला की बाईने पाठीवरून हात फिरवायचा असतो. मी फिरवला नाही. मला त्याची कीव आली नाही, अजूनही येत नाही. ज्या माणसाने दया म्हणून सुकट दिली, त्याच माणसाने त्या दयेची किंमत माझ्या बापाकडून वसूल केली. आणि आबांना मी शेवटी काय विचारलं होतं, तर माशाच्या डब्यात हात घातलात का. त्यांना एका वाक्यात सुटता आलं असतं. जावयाचं नाव घेतलं असतं की झालं. ते वाक्य त्यांनी बरोबर नेलं.

मी ओल्या हातांनीच आत गेले. अव्वा देवघरासमोर वाती वळत बसल्या होत्या. मला वाटलं, आज यांना कळू दे. आज या घरात एकदा तरी कुणाचा आवाज चढू दे. मी म्हणाले, "अव्वा, आबांनी सुकट घेतली नव्हती. तुमच्या मुलाने दिली होती."

त्यांनी वात वळून संपवली, तबकात ठेवली, दुसरा कापूस हातात घेतला.

"ठाऊक आहे मला. सकाळी त्याला पुडी घेऊन जिना चढताना पाहिलं मी. म्हणून तर देवळातून लवकर निघाले."

"मग आबांना का घालवलंत?"

"मग कुणाला घालवू?" त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. "पोटचं पोर आहे ते माझं."

आणि पुन्हा कापसाकडे वळून त्यांनी मला सांगितलं की वरच्या खोलीसाठी संध्याकाळी एक कुटुंब बघायला येणार आहे, चहा टाक आणि खातात काय ते आधी विचारून घे.